सावरीखालचा व्हिडिओ

तळपद्यांच्या घरात भांडणंसुद्धा लेखी होत. विक्रांतच्या दोन आत्या गिरगावातल्या त्याच दोन खोल्यांत सात वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण मोरीच्या दारावर चिठ्ठ्या लावून सगळा व्यवहार बिनबोभाट चालवला. पणजोबा सचिवालयात हेडक्लार्क होते, आजोबा कस्टममध्ये, वडील सॉलिसिटरच्या हपिसात, आणि विक्रांत वडिलांच्याच खुर्चीवर. चार पिढ्या अर्ज, उत्तर, स्मरणपत्र आणि पोच यांवर जगलेलं हे घराणं. जगात काहीही वाईट झालं तरी ते नीट लिहून, तारीख घालून, योग्य टेबलावर पोचवलं की त्याचा निकाल लागतो, ही त्यांची श्रद्धा होती. देवावरची एखादवेळ डळमळली असती, ही नाही.

या घरात एकटा बंडू वेगळा निघाला. विक्रांतचा थोरला भाऊ. शिक्षण अर्धवट टाकून तो पणजोबांनी घेतलेल्या खारशेतच्या वाडीत जाऊन बसला, तो कायमचाच. अलिबागच्या पलीकडे दोन एकर जमीन, सुपारी, नारळ, पंधरा-वीस आंबे, एक विहीर आणि मधोमध एक जुनं उंच सावरीचं झाड. बायको गेल्यावरही तो तिथेच राहिला. त्याची मुलगी ऋग्वेदा दादरला फिजिओथेरपिस्ट होती, नायगावला मैत्रिणीबरोबर राहायची. विक्रांतने लग्न केलं नव्हतं. म्हणजे तळपदे आता तिघंच उरले होते, आणि तिघांत मिळून माया म्हणाल तर बंडूभोवतीच फिरत होती. विक्रांत अठ्ठावन्न वर्षांचा झाला तरी दादाने "जेवलास का?" विचारल्याशिवाय त्याची दुपार व्हायची नाही.

वाडीत जनावरं होती, पण त्यांचं आणि बंडूचं जमलं होतं. वानरांची टोळी आंब्याच्या दिवसांत यायची, बंडू पत्र्याचा डबा बडवायचा, वानरं आपल्याला हवं तेवढं खाऊन निघून जायची. सावरीवर दर हिवाळ्यात आग्या मोहोळं लागत, एकेक सुपाएवढं. बंडू त्या दिवसांत सावरीखालून चालताना विडीसुद्धा विझवायचा. "त्यांचं त्यांना करू दिलं की त्या आपल्याला काही करत नाहीत," असं तो सांगायचा, आणि चाळीस वर्षांत त्याला एक माशी चावली नव्हती.

मग शेजारी रिसॉर्ट झालं. लग्नं होऊ लागली, आणि लग्नांबरोबर ड्रोन आले. नवरा-नवरी समुद्राकडे चालताहेत हे आभाळातून दिसलं पाहिजे, आणि आभाळाकडे जायचा रस्ता बंडूच्या वाडीवरून. वानरं बिथरून कौलांवर उड्या घ्यायला लागली, पावसाळ्याआधी निम्मं छप्पर फुटलं. वडावरची वटवाघळं एका आठवड्यात नाहीशी झाली. बंडूला विहिरीवर उघड्याने आंघोळ करायची चोरी झाली, कारण डोक्यावर एक डोळा येऊन थांबायचा.

"मी दगड घालतो रे त्याच्यावर," तो फोनवर म्हणाला. "गोफणीने अजून नारळ पाडतो मी. हे तर एवढंसं आहे."

"वेडा आहेस का दादा? उद्या तुझ्यावरच केस होईल. आपण रीतसर जाऊ."

रीतसर म्हणजे विक्रांतने अर्ज केला. एक चौकीत, एक ग्रामपंचायतीत, एक रिसॉर्टला. रिसॉर्टच्या मॅनेजरने फोनवर गोड आवाजात सांगितलं की ड्रोन पाहुण्यांचे फोटोग्राफर आणतात, आमचा संबंध नाही. चौकीतल्या हवालदारांनी त्याहून सोपं केलं. ड्रोनवर नंबर असतो साहेब, तो नंबर आणा. तुमच्याच जागेवर उडतोय हे दिसेल असा व्हिडिओ आणा. मग बघू.

कोणी दुसरा असता तर समजला असता की हे लोक आपल्याला कटवताहेत. विक्रांतला उलट हुरूप आला. काय हवं ते त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. नंबर आणि व्हिडिओ. त्याने बंडूला कुरिअरने एक स्मार्टफोन धाडला, आणि व्हिडिओ कसा काढायचा हे बंडूच्या जुन्या बटणांच्या फोनवरून चार दिवस शिकवलं.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी बंडूचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"विकी, काल ते यंत्र सावरीच्या अगदी जवळून गेलं. मोहोळं चाळवली आहेत. शेजारच्या कुशाबाच्या कुत्र्याला धरलं माश्यांनी, गेलं बिचारं. मी म्हणतो, दोन-चार दिवस तुझ्याकडेच येतो. शांत होतील तोवर."

आता खरं तर काय सांगायचं होतं? ये, एवढंच. मुगाची खिचडी टाकतो, ये. पण विक्रांतच्या टेबलावर नवा अर्ज तयार होता, सुवाच्य अक्षरात, आणि त्यात नंबरापुरती जागा तेवढी मोकळी होती. "शनिवारी तिथे मोठं लग्न आहे ना?" त्याने विचारलं. "तेवढा शनिवार काढ. व्हिडिओ मिळाला की रविवारी सकाळी निघ. एकदा कागद पुरा झाला की कायमची कटकट जाईल."

बंडू म्हणाला, "तू म्हणतोस तर थांबतो."

शनिवारी दुपारी चार वाजता विक्रांत गिरगावातल्या खिडकीशी अर्ज, पेन आणि फोन घेऊन बसला. बंडू त्याच्या सांगण्यावरून वाडीच्या मधोमध सावरीखाली उभा होता; त्याने जुना फोन स्पीकरवर लावून सदऱ्याच्या खिशात ठेवला होता आणि हातात नवा धरला होता.

"आला बघ," बंडू म्हणाला. "विहिरीवर आहे."

"व्हिडिओ सुरू कर. लाल ठिपका दिसतोय?"

"दिसतोय. अरे, हे इकडेच येतंय. मी फोन धरलाय ते दिसलं वाटतं मेल्याला."

"उत्तमच. येऊ दे खाली. नंबर वाचता येतोय?"

"चष्मा आत राहिला. पोटावर काहीतरी चिकटवलंय खरं."

"मग तू वाचू नकोस, कॅमेऱ्यात येऊ दे. हलू नकोस, हललास की अक्षरं फिसकटतात."

ड्रोनची घरघर आता विक्रांतलाही ऐकू येत होती. त्याने पेनाचं टोपण काढलं. इतक्या महिन्यांच्या खटपटीनंतर काम होत आलं की माणसाला जो आनंद होतो तो त्याला होत होता, हे नंतर त्याला सगळ्यात जास्त डाचलं.

"विकी," बंडू हळूच म्हणाला, "मोहोळ हललं रे."

"एक मिनिट, दादा. एकच मिनिट थांब. नंबर येऊ दे."

पलीकडून बंडू काहीतरी बोलला, ते घरघरीत नीट कळलं नाही. मग घरघर वाढली, आणि ती ड्रोनची नव्हती. मग बंडू ओरडला. विक्रांतने भावाला आयुष्यात कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "आत जा, दादा! घरात जा!" तो उभा राहून किंचाळला, शेजारच्या खोलीतली माणसं दाराशी आली, आणि फोनमधून पळण्याचा, पडण्याचा आणि मग नुसता माश्यांचा आवाज येत राहिला. गिरगावात उभं राहून खारशेतला हात पोचत नाही. त्याने कुशाबाचा नंबर लावला, तीनदा चुकला, चौथ्यांदा लागला.

कुशाबा शेजारचा वाडीवाला. तो घोंगडी पांघरून, पेटती झावळी घेऊन धावला आणि बंडूला ओढून आणलं. तिथल्या दवाखान्याने हात टेकले. रुग्णवाहिका निघाली ती थेट परळला.

परळच्या त्या हॉस्पिटलात बंडूला पाहिलं तेव्हा विक्रांतला तो ओळखू आला नाही. चेहरा सुजून डोळे मिटले होते, ओठ फाटले होते, घशात नळी होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की साडेचारशेच्या वर काटे काढले, अजून निघताहेत. विष मूत्रपिंडांवर गेलंय. डायलिसिस सुरू केलं आहे, दोन दिवस काही सांगता येणार नाही.

ऋग्वेदा धावत आली होती, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. ती रडत नव्हती. ती विचारत होती.

"काका, बाबा सावरीखाली काय करत होते? मोहोळं चाळवली आहेत हे मला त्यांनीच सांगितलं. तोवर दाराला कडी लावून बसा, असलं सगळं बोललो आम्ही. ते रविवारी निघणारच होते. शनिवारी बाहेर कशाला गेले?"

"माहीत नाही गं," विक्रांत म्हणाला.

झालं. तीन शब्द. चार पिढ्यांच्या कागदपत्रांत तळपद्यांनी खोटं लिहिलं नव्हतं, आणि हा गृहस्थ पोरीच्या तोंडावर एका दमात बोलून मोकळा झाला. बोलल्याबरोबर त्याला परत घ्यायचं होतं. पण ती आधीच रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या कुशाबाकडे वळली होती, आणि कुशाबा एक प्लास्टिकची पिशवी पुढे करत होता. फाटलेला सदरा, घड्याळ, दोन फोन.

"ह्यो फोन पालथा पडलेला," कुशाबा म्हणाला. "चालू हाय अजून. शूटिंग काढीत व्हते दादा."

"म्हणजे ड्रोन आला असणार त्यात!" ऋग्वेदाने फोन घेतला. लॉक होता. "काका, तुम्हाला लॉकचा नंबर माहीत असेल. तुम्हीच सेट करून दिला होतात ना? सोडणार नाही मी त्या लोकांना."

"बघतो," विक्रांत म्हणाला, "मी जरा बाहेर जाऊन बघतो. तू इथे थांब, डॉक्टर हाक मारतील."

कँटीनच्या मागे, जिथे पेशंटांची माणसं भिंतीला टेकून बसतात, तिथे त्याने व्हिडिओ लावला. एकूण दोन मिनिटं अठरा सेकंद, फोन हातातून पडून बंद होईतोवरचा. विहीर, आभाळ, सावरीच्या बिनपानांच्या फांद्या, त्यांवर काळी लोंबती मोहोळं. मग ड्रोन खाली येतो, आणि त्याच्या पोटावरचा नंबर स्वच्छ वाचता येतो, एकूण एक अक्षर. इतका चांगला पुरावा विक्रांतने हपिसात उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. आणि त्या पुराव्यावर, सदऱ्याच्या खिशातून, त्याचा स्वतःचा आवाज येत होता. हलू नकोस. एक मिनिट. थांब. नंबर येऊ दे. शब्दन् शब्द स्वच्छ, कारकुनी, जरासा खूश. आणि त्यानंतर, फोनवर त्याला कळलं नव्हतं ते बंडूचं बोलणंही तिथे स्वच्छ होतं.

विक्रांतने तिथेच तोंडावर हात दाबून धरला. शेजारी बसलेल्या एका बाईने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

हे ऋग्वेदा ऐकेल. आज ऐकेल, पोलीस ऐकतील, तिचं लग्न होईल, मुलं होतील, ती ऐकत राहील. दादा बरा झाला तर माफ करेल, त्याचं काय, तो कशालाही माफ करतो. पण ही पोर करणार नाही, आणि तिने करू नये हेही त्याला कळत होतं. दादा गेला तर जगात तिच्याशिवाय त्याचं कोणी नव्हतं. त्याची पाचावर धारण बसली. माणूस बुडताना हाताला लागेल ते धरतो, आणि याच्या हाताला लागलं ते स्क्रीनवरचं कर्ण्याचं चित्र. ते दाबलं की आवाज जातो. त्याने दाबलं. नवा व्हिडिओ जपून ठेवला. जुना पुसला. मग कामात कुठे ढिलाई ठेवायची सवय नसल्यामुळे पुसलेल्या गोष्टी जिथे महिनाभर पडून असतात तिथे जाऊन तिथूनही पुसला.

वर जाऊन त्याने फोन ऋग्वेदाला दिला. तिने व्हिडिओ पाहिला, नंबरापाशी थांबवला, वाचला, आणि काकाच्या खांद्यावर डोकं टेकून पहिल्यांदा रडली. "बाबांनी आणलाच नंबर," ती म्हणाली. विक्रांत तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. तो हात कापून टाकावा असं त्याला वाटत होतं.

पुढचे दोन दिवस तो अर्जामागे लागला. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि आय.सी.यू.च्या काचेपाशी उभं राहवत नव्हतं. मोकळ्या जागेत नंबर भरला. खारशेतच्या चौकीतल्या त्याच हवालदारांनी व्हिडिओ पाहून सांगितलं, "आता कसं, आता सगळं पुरं आहे," आणि शिक्का मारून पोच दिली. ती पोच खिशात घालून तो सोमवारी दुपारी परळला परतला, तर ऋग्वेदा बाकावरून उठली नाही. नुसती वर बघत राहिली. बंडू अर्ध्या तासापूर्वी गेला होता.

भोईवाड्याच्या स्मशानात पंधरा माणसंही नव्हती. कुशाबाने वाडीतले चार नारळ आणले होते. अग्नी ऋग्वेदाने दिला. विक्रांतच्या डोळ्यांतून पाणी येईना. भटजी सांगतील तसे तो हात जोडत होता, सोडत होता.

तिसऱ्या दिवशी ऋग्वेदा गिरगावला आली. खिडकीशी, शनिवारी विक्रांत बसला होता त्याच खुर्चीत बसली. मग बंडूचा फोन पर्समधून काढला.

"काका, माझ्याकडे बाबांचा आवाज नाहीये," ती म्हणाली. "मी शोधलं सगळीकडे. ते कधी व्हॉइस मेसेज पाठवायचे नाहीत, नुसता फोन करायचे. आईकडच्या एका लग्नाच्या सीडीत ते मागे उभे आहेत, बोलत नाहीत. एक शब्द नाही माझ्याकडे. आणि हा एकच व्हिडिओ त्यांनी स्वतः काढलेला, तर याला आवाजच नाही."

विक्रांतने टेबलावरचे कागद सारखे केले.

"दुकानात दाखवला मी दादरला. तो म्हणाला, फोनचा माइक चांगला आहे. आवाज होता, कोणीतरी काढलाय. परत येईल का विचारलं, तर मूळ फाइल पार पुसलीय म्हणाला, नाही येणार." ती हे आरोप करायच्या सुरात बोलत नव्हती, हेच विक्रांतला सहन होईना. ती खरोखर विचारत होती, हरवलेली वस्तू घरात कुणाला दिसली का असं विचारतात तसं. "बाबांना तर साधा मेसेज पुसता यायचा नाही, काका."

तिने व्हिडिओ लावला आणि फोन कानाला लावून बसली. त्या फोनमधून काही येणार नव्हतं हे तिला माहीत होतं, तरी पूर्ण दोन मिनिटं अठरा सेकंद ती डोळे मिटून तशीच बसली होती. बापाचा श्वास तरी कुठे राहिला असेल असं वाटत असावं.

विक्रांतला एकदम भान आलं की बंडूचं ते शेवटचं बोलणं आता जगात फक्त आपल्याजवळ आहे. दुसरीकडे कुठेच नाही. ते त्याने चोरलं होतं, आणि ते परत करायचं तर त्याच्या आधीचं सगळं द्यावं लागणार होतं. अर्धं देता येण्यासारखं नव्हतं. लिहून देऊ का, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. टेबलावर कोरा कागद होताच. इतकं झाल्यावरही त्याचा हात पेनाकडे गेला, आणि त्याला स्वतःची किळस आली.

"मी काढला आवाज," तो म्हणाला.

ऋग्वेदाने डोळे उघडले.

"मी फोनवर होतो, ऋग्वेदा. पहिल्यापासून. त्याला मी उभा केला होता तिथे. त्याला बुधवारीच यायचं होतं, मी शनिवारपर्यंत थांबवला."

फोन अजून तिच्या कानाशीच होता. "काय म्हणाले बाबा?" तिने विचारलं. बाकीचं जणू तिने ऐकलंच नव्हतं, किंवा ते नंतर ऐकायचं ठरवलं होतं. "शेवटी काय म्हणाले, सांगा मला."

"मोहोळ हललं रे, म्हणाला. मी म्हटलं, एक मिनिट थांब, नंबर येऊ दे." विक्रांतने खिडकीची चौकट घट्ट धरली. "तर 'बरं' म्हणाला. एवढंच. 'बरं' म्हणाला, आणि थांबला."